नऊला झोपवायचं तर तयारी सकाळपासून

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते. सकाळी सातला उठायचं असेल तर नऊपर्यंत डोळे मिटलेले हवेत. कोल्हापुरात बऱ्याच घरांत तेव्हा कुठे ताटं मांडली जातात!

आधी उठण्याची वेळ पक्की करा. रविवारीसुद्धा फार तर अर्ध्या तासाची सूट. मूल साडेदहाला झोपत असेल तर त्याला एकदम नऊला आडवं करू नका. झोप आलेली नसते, ते चुळबुळत राहतं, आपण ओरडतो आणि अंथरूण म्हणजे कटकट हे त्याच्या मनात बसतं. दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे या.

दुपारी तीननंतर झोपू देऊ नका. पाचच्या चहात खारी बुडवून देण्याचा लाडही बंद, कारण चहात कॅफिन असतं. रात्रीचं जेवण साडेसातला. घरात तांबडा रस्सा असेल त्या दिवशी मुलाला अळणी (बिनतिखट मटणाचं पाणी) आणि भात.

घडी मोडते ती बहुतेक वेळा साडेआठला. बाबा दुकान बंद करून येतात, दिवसभर पोरगं दिसलेलं नसतं, मग उचलून उडवणं, गुदगुल्या, मोबाईलवर एक गाणं. पेंगुळलेलं मूल तरतरीत होतं आणि पुढचा तासभर घरभर पळतं. हा उत्साह नव्हे, झोप टळून गेल्याची खूण आहे. बाबांना गोष्ट सांगायचं काम द्या, दंगामस्ती सकाळी.

आठला टीव्ही-मोबाईल बंद. मग रोज त्याच क्रमाने हातपाय धुणं, दात, शू, मंद दिवा, वाकळ, एक गोष्ट. एकच! दुसरी दिली की उद्या तिसरीसाठी रडारड. पाण्याचा तांब्या उशाशी आधीच ठेवा, म्हणजे ‘आई, तहान’ हा बहाणा संपतो. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणणाऱ्या आजींना मात्र गोडीत समजवावं लागतं. भ्यालेलं मूल जागंच राहतं.

लहान मुलांचा ताण शब्दांत येत नाही. शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, नखं खाणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, असा तो दिसतो. विचारपूस अंथरुणात नको, संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना करा. ‘काय झालं?’ला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘आज वर्गात कोण रडलं?’ विचारा, बोलायला लागतं.

श्वासाचा खेळ शिकवा: समोर गरम रश्श्याची वाटी आहे असं समजायचं. नाकाने सावकाश वास घ्यायचा, मग लांब, हलकी फुंकर. रस्सा सांडता कामा नये. चार-पाच वेळा पुरे. जोरजोरात फुंकलं तर गरगरतं. मूल खुशीत असताना सराव करून घ्या; रडण्याच्या भरात नवीन काही शिकवता येत नाही.

झोप लागून एक-दोन तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाही, असं झालं तर हलवून जागं करू नका. पडणार नाही एवढं बघत शेजारी बसा. काही मिनिटांत शांत होतं आणि सकाळी त्याला आठवतही नाही. रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे वेळापत्रकाचा उपयोग नाही.

गणपतीच्या दिवसांत देखावे बघताना अकरा वाजणारच. वाजू द्यात, दुसऱ्या दिवशी उठवायचं मात्र साधारण नेहमीच्याच वेळेला.