माती ओली, तरी पीस लिलीने मान टाकली

वाशीतल्या पावसाळी दमट हवेत कुंडी वाळतच नाही. झाड मलूल दिसलं म्हणून आणखी पाणी घालू नका, आधी मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट, टणक. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरलं की साल निसटून नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापली. उरलेल्या मुळांपेक्षा इंचभरच रुंद, भोकं असलेली कुंडी घेतली; मोठी घेतली की पुन्हा चिखल. कुंडीत भरायला दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पाणी निचरायला मदत करणारे हलके पांढरे खडे), एक भाग गांडूळखत. महिनाभर दुसरं खत नाही. आता बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं तरच पाणी. उजेड भरपूर, थेट ऊन नको. घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या आवाक्याबाहेर ठेवा, पान चावलं की तिच्या तोंडाची आग होते.