पुण्यात नवीन आलीयस आणि घरची आठवण छळतेय? आधी तुझा स्वभाव बघ

लातूरची असो नाहीतर जळगावची, पुण्यात नवीन आलेल्या पोरीला सगळे एकच सांगतात, "मिक्स हो गं, बरं वाटेल". पण हे प्रत्येकीला लागू पडत नाही. घरची आठवण सगळ्यांनाच येते, ती किती छळते हे बरंचसं स्वभावावर असतं. सायकॉलॉजीत स्वभावाचे पाच मोठे ट्रेट्स मानतात, त्यातला न्यूरॉटिसिझम, म्हणजे सारखी काळजी, जरा काही झालं की जीव खालीवर, याचा होमसिकनेसशी संबंध पुन्हा पुन्हा सापडलाय. शिवाय बुजरेपणा आणि सवयी मोडायला जड जाणं. (मुली हळव्या म्हणून होतं हे मला अजिबात पटत नाही, मुलगेही रडतात, सांगत नाहीत एवढंच.)

तर आठवडाभर मोबाईलमध्ये टिपून ठेव, आठवण कधी आली, तेव्हा काय करत होतीस. बहुतेक वेळा रिकाम्या वेळेतच येते, झोपायच्या आधी नाहीतर रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा. मग त्या वेळेला काहीतरी ठरवूनच ठेव, मॅगी खाऊन रूमवर पडून राहू नकोस.

काळजी करणारी असशील तर फोनची वेळ ठरव, जेवण झाल्यावर रोज एकदा. रात्री बाराला रडत आईला फोन केलास की तू मोकळी होऊन झोपतेस, आणि आई मात्र तिकडे जागी, मग सकाळपासून तिचेच फोन सुरू आणि तुझी काळजी डबल. बुजरी असशील तर ग्रुपच्या नादाला लागूच नकोस, अभ्यासिकेत शेजारी बसणारी एक जण पुरते, तिला चहाला विचार, बास.

सवयी मोडायला जड जात असेल तर सगळं नवीन एकदम नको. घरची गोधडी आण, ज्वारीची भाकरी मिळणारी मेस शोध, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि रोज एकाच वेळी तळजाई नाहीतर वेताळ टेकडी. लग्न होऊन वाकड-हिंजवडीकडे आलेल्यांनाही हेच, सासरच्या किचनमध्ये माहेरची एखादी भाजी आपल्या पद्धतीने करायचीच, कोणी नाक मुरडलं तरी.

आता एसटी. २०२३ पासून बायकांना हाफ तिकीट आहे त्यामुळे दर शनिवारी बॅग उचलून घर गाठायचा मोह होतो, पण मग पुण्यात वीकेंड कसा असतो हेच कळत नाही आणि दर सोमवारी पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा महिन्यातली एक तारीख ठरव आणि तिकीट आधीच काढून ठेव, सवयीवाल्या पोरींना तारीख माहीत असली की बरं पडतं.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, लेक्चरला जावंसं वाटत नाही असं असेल तर मात्र स्वभावावर ढकलू नकोस. कॉलेजच्या काउन्सेलरला भेट, नाहीतर १४४१६ वर फोन लाव, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, २४ तास, आणि मराठीत बोलता येतं.