घरच्या घरी आवाजाचा वेग कसा मोजायचा: बादली, पाइप आणि मोबाइल

आधी एक सांगतो, भिंतीसमोर टाळी वाजवून स्टॉपवॉचने प्रतिध्वनी मोजायचा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो, तो सरळ सोडून द्या. बटण दाबायला आपल्याला साधारण 0.2 सेकंद उशीर होतोच आणि तेवढ्यात आवाज 70 मीटर पुढे गेलेला असतो, मग मोजणार काय? त्यापेक्षा पाण्यातला पाइप कितीतरी भरवशाचा.

साधारण 35 सेंमी लांब, 4 सेंमी व्यासाचा, दोन्ही टोकं उघडी असलेला प्लॅस्टिकचा पाइप घ्या. काठोकाठ भरलेली खोल बादली, आणि पाणी खोलीच्या तापमानाचंच, कारण गार पाण्याने पाइपमधली हवाही गार होते. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल, 1000 हर्ट्झ लावा, पण साइन वेव्हच निवडा. स्क्वेअर वेव्हमध्ये 3000 हर्ट्झचा सूरही मिसळलेला असतो, तो आपल्या वेगळ्याच जागी घुमतो आणि माणूस पार गोंधळून जातो.

पाइप पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडवा, वरच्या तोंडाशी मोबाइल धरा आणि पाइप हळूहळू वर काढा. पाण्याच्या वर जेवढा पाइप, तेवढाच आतला हवेचा स्तंभ. एका ठिकाणी आवाज एकदम भरून येतो, घुमायला लागतो, तोच अनुनाद म्हणजे रेझोनन्स.

आता खरी अडचण इथेच आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की हा स्तंभ तरंगलांबीच्या, म्हणजे एका पूर्ण लाटेच्या लांबीच्या, पाव भाग असतो, म्हणून चारने गुणा, वारंवारतेने (इथे 1000 हर्ट्झने) गुणा, झाला वेग. मीही तेच केलं. खूण आली 75 मिमीवर आणि उत्तर आलं सेकंदाला 300 मीटर! खोलीत 30 डिग्री असताना ते 349 च्या आसपास यायला हवं होतं (0 डिग्रीला साधारण 331, पुढे प्रत्येक डिग्रीला 0.6 वाढवत जायचं). मी अ‍ॅप बदललं, पाइप बदलला, पट्टीसुद्धा दुसरी घेतली, तरी उत्तर पुन्हा 300 च्याच आसपास, आणि कितीतरी दिवस कळेना की चुकतंय कुठे.

चूक मोजण्यात नव्हतीच. पाण्यापाशी हवा हलू शकत नाही, तिथे निस्पंद, आणि उघड्या तोंडाशी प्रस्पंद, म्हणजे हवा सगळ्यात जास्त हलते ती जागा, हे बरोबर आहे, पण तो प्रस्पंद नेमका तोंडावर नसतो, किंचित बाहेर असतो, कारण तोंडाजवळची थोडी मोकळी हवाही आतल्या हवेबरोबर हलत असते. ही जास्तीची लांबी व्यासाच्या साधारण 0.3 पट, म्हणजे आपल्या पाइपला 12 मिमी. 75 मिमीत 12 मिमी कमी मोजलं तर उत्तर बिघडणारच की! याला एंड करेक्शन म्हणतात. ते सूत्रात नंतर जोडून घ्या असं कोणी सांगितलं तर माझं ऐका, जोडू नका, वजाबाकीने ते कायमचं काढूनच टाका.

ते असं. पहिल्या खुणेवर थांबू नका, पाइप वर काढतच राहा. मध्ये आवाज पडतो आणि साधारण 25 सेंमीला परत भरून येतो. माझी दुसरी खूण 249 मिमीवर आली. दोन्ही खुणांमध्ये ती 12 मिमीची चूक सारखीच आहे, म्हणून 249 वजा 75 केलं की ती आपोआप जाते आणि उरतात 174 मिमी, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी (पहिली खूण पाव तरंगलांबीची, दुसरी पाऊण). दुप्पट 348 मिमी, गुणिले 1000 हर्ट्झ, सेकंदाला 348 मीटर. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी पाइप तसाच हातात धरून किती वेळ बघत बसलो होतो!

खूण नेमकी पकडायची तर आवाज अगदी बारीक ठेवा, मोठ्या आवाजात कानाला चढउतार कळत नाही. मोबाइल पाइपच्या तोंडावर टेकवू नका, तोंड झाकलं की खूणच सरकते, दोन बोटांचं अंतर ठेवून वर धरा आणि पाइपबरोबर वर न्या. डोकं हलवू नका, कारण एकाच सुराच्या लाटा भिंतींवर आपटून खोलीतच कमीजास्त आवाजाच्या जागा तयार करतात, मान वळवली तरी फरक पडतो आणि तो पाइपमुळे पडला असं वाटतं. पाइपवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची खूण करायला कोणाला तरी सोबत घ्या. प्रत्येक जागा वर जाताना एकदा, खाली येताना एकदा, अशी तीन-चार वेळा पकडून सरासरी काढा, 1 मिमी चुकला तर वेगात 2 मीटरचा फरक पडतो.

मग 800 हर्ट्झ लावून सगळं पुन्हा करा. आता खुणांमधलं अंतर साधारण 218 मिमी यायला हवं. दोन्ही वेगांमध्ये 5 मीटरपेक्षा जास्त फरक आला तर गणित तपासत बसू नका, खुणा परत घ्या.