नाशिकला दोघांनी कमी खर्चात कसं फिरावं

नाशिकमध्ये पाहण्यासारखं बरंच काही फुकट आहे. रामकुंड, काळाराम, कपालेश्वर, गंगेवरचा (म्हणजे गोदावरीकाठचा) बुधवारचा बाजार, कशालाच तिकीट नाही. तरीही दोन दिवसांत दोघांचे भरपूर पैसे जातात. कारण लोक शनिवार-रविवार धरून येतात आणि दिवसभरासाठी गाडी ठरवतात. या दोन गोष्टी टाळल्या, तर बाकी ठिकाणी हात आखडता घ्यावा लागत नाही.

१. आधी वार ठरवा

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी वायनरीकडे लोटते आणि खोल्यांचे दर चढतात. सोमवारी त्र्यंबकेश्वरला रांग वाढते. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे सगळं गाव भरून जातं. म्हणून मंगळवारी दुपारी या आणि गुरुवारी परत जा. मधला बुधवार बाजारासाठी मिळतो. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हा पर्वण्यांच्या, म्हणजे मुख्य स्नानांच्या, आसपास स्वस्त सहलीचा विचार सोडूनच द्या.

२. येण्याचं तिकीट

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे नवरा-बायकोचं मिळून दीड. आईबाबांना पाठवत असाल तर आणखी फायदा: ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. आधार कार्ड मात्र जवळ हवं. पुण्याहून एसटीच बरी. मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसचं बसून जायचं आरक्षण वेळेत मिळालं तर रेल्वे घ्या. नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. बाहेर पडल्यावर रिक्षावाल्यांच्या गराड्यात न थांबता सिटीलिंकची बस पकडून शालिमार किंवा सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरा.

३. खोली

इथे कंजुषी करू नका. दिवसभर पायी फिरल्यावर दोघांनाही स्वच्छ बाथरूम आणि शांत झोप हवी असते. ती नसेल तर दुसऱ्या दिवशी भांडणं होतात. खोली सीबीएस, शालिमार किंवा पंचवटीच्या आसपास घ्या. हायवेवरची खोली स्वस्त दिसते, पण तो फरक रिक्षात जातो. फोनवरच विचारा: चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळच्या ठरलेल्या वेळेचं? दुपारी पोहोचणाऱ्यांना यात सरळ अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. लग्न झालेलं नसेल तर तेही आधीच सांगून खात्री करा. सज्ञान जोडप्याला कायद्याची आडकाठी नाही, तरी काही लॉजवाले ऐनवेळी नकार देतात आणि मग रात्री मिळेल त्या दराने खोली घ्यावी लागते.

४. पंचवटी पायीच

पहिली संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ यासाठी ठेवा. गाडीने आलात तर पार्किंग शोधण्यातच वेळ जाईल. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीपाशी उभे राहा. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. समोर पायऱ्या चढून कपालेश्वर. या शंकरापुढे नंदी नाही. तिथून काळाराम चालत थोड्याच अंतरावर. काळ्या दगडातलं मंदिर सुंदर आहेच, पण २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथेच मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, हे ठाऊक असलं की त्या दरवाज्यासमोर पाय आपसूक थबकतात. संध्याकाळी गोदावरीची आरती बघा आणि पूल ओलांडून भांडी बाजारातून परत या. तांब्या-पितळेची दुकानं नुसती बघायलाही मजा येते.

५. त्र्यंबक आणि एकेकाची एक निवड

बुधवारी बाजार उरकून किंवा गुरुवारी पहाटे सीबीएसवरून त्र्यंबकची एसटी धरा. साधारण तासाभराचा प्रवास, तिकीट पुन्हा दीडच. मधल्या वारी साधी रांग पुरते, सशुल्क दर्शनाची गरज नसते. पूजा करायची असेल तर दक्षिणेसह सगळं घरूनच ठरवून या. मंदिराच्या वाटेवर ठरवलेली पूजा बजेटमध्ये बसत नाही.

उरलेल्या वेळासाठी एक नियम पाळा: प्रत्येकाने मनापासून हवी असलेली एकच जागा सांगायची आणि दुसऱ्याने कुरकुर न करता यायचं. माझं मत पांडवलेणीला. पायऱ्या दमवतात, पण तिसऱ्या लेण्यात दर्शनी भाग खांद्यावर पेलून धरलेले दगडी यक्ष आहेत, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं केलेलं कौतुक ब्राह्मीत कोरलेलं आहे. द्राक्षबाग हवी असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये या, तेव्हा वेलींवर घड असतात. वायनरीत टेस्टिंग एकानेच घेतलं तरी बाग दोघांनाही दिसते. जाण्याआधी परतीची रिक्षा ठरवा, कारण अंधार पडल्यावर तिकडून वाहन मिळणं कठीण आणि भाव रिक्षावाल्याचा.

६. खाणं

सकाळी मिसळ. पापड, दही येतंच, रस्सा मागून मिळतो. दुपारपर्यंत भूक लागत नाही. संध्याकाळी पाववडा किंवा मेन रोडवरचा साबुदाणा वडा. महागडं जेवण एकच ठेवा, शेवटच्या रात्रीचं.

रोजच्या खर्चाचे पैसे सकाळीच एका पाकिटात काढा आणि ते एकाच्याच हातात द्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. हिशेबाची कटकट यानेच मिटते.

मुंबईला परतीची तपोवन एक्स्प्रेस संध्याकाळी मिळते. सीबीएसवरून दीड तास हातात ठेवून निघा. द्वारका चौकात वाहतूक अडकते. चिवडा त्याआधीच गावातून घ्या.