कंट्रोल रूममधील रॅक मॉनिटर: जोडणी आणि जुळणी

सांगली-मिरज रस्त्यालगत एका स्थानिक वृत्तवाहिनीची कंट्रोल रूम अलीकडेच नव्याने उभी राहिली आणि त्या निमित्ताने रॅकमध्ये (यंत्रे बसवण्याच्या उभ्या चौकटीत) मॉनिटर बसवण्याचे काम आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा एकदा माझ्या हातून पार पडले. जिल्ह्याच्या ठिकाणी वायरिंगपासून प्रसारणापर्यंत सगळे बहुधा एकाच तंत्रज्ञाला पाहावे लागते. त्याला आधार व्हावा म्हणून त्या कामाची पद्धत येथे मांडत आहे. मार्केट यार्डात हळदीचे पोते तोलण्याआधी काटा तपासला जातो, कारण पुढचा सगळा हिशेब त्या काट्यावर चालतो. कंट्रोल रूममध्ये मॉनिटरचे स्थान तेच आहे. कॅमेऱ्याचा आयरिस (प्रकाश आत घेणारे छिद्र) किती उघडावा, दिवा कोठे कमी करावा, कोणता फ्रेम हवेत जाऊ द्यावा, हे सारे निर्णय माणसे त्या पडद्याकडे पाहून घेतात. म्हणून मॉनिटर रॅकमध्ये घट्ट बसला आणि चित्र दिसू लागले, एवढ्यावर काम झाले असे मी मानत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. कृष्णेच्या पुराचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीच्या सखल भागात शिरले होते, आणि पुराच्या दिवसांत स्थानिक वाहिनी सर्वांत जास्त पाहिली जाते, हे लक्षात घेऊन रॅक शक्यतो पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर घ्यावा. तळमजल्याला पर्यायच नसेल तर यूपीएस, बॅटऱ्या आणि वितरण पेटी तरी उंचावर न्याव्यात. रॅक ऐन वेळी हलवता येतो, भिंतीतली पेटी हलवता येत नाही.

त्यानंतर अर्थिंग. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओलावा धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत ढिले पडलेले आढळते. अर्थपिट शक्य असेल तर उन्हाळ्यातच तपासून घ्यावा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असल्याशिवाय मी एकही यंत्र जोडत नाही. याला कारण आहे. मॉनिटरच्या आतील पॉवर सप्लाय थोडा विद्युतप्रवाह अर्थकडे सोडतच असतो, आणि रॅकमध्ये अशी दहा-बारा यंत्रे एकत्र आली की त्या लहान लहान प्रवाहांची बेरीज होते. अर्थ तुटलेला असेल तर ही बेरीज रॅकच्या पत्र्यावर येऊन बसते, बीएनसी (व्हिडिओ केबलचा कनेक्टर) लावताना बोटाला झिणझिण्या येतात, आणि एखाद्या वेळी तीच ठिणगी मॉनिटरची इनपुट चिप जाळून जाते. स्टुडिओतील रॅक आणि बाहेरून येणारी ओबी व्हॅन (घटनास्थळावरून प्रसारण करणारी गाडी) यांचा अर्थ वेगवेगळा असेल तर दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. म्हणून आधी दोन्हींचा अर्थ एकत्र बांधावा आणि मगच व्हिडिओची केबल लावावी.

मोजमाप आणि मांडणी

रॅकचे पॅनेल १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर रुंद असते आणि उंची यू या एककात मोजतात. १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. दोन सात इंची पडद्यांची जोडी सहसा ३ यू जागा घेते, पाच इंची तीन पडदे २ यूमध्ये मावतात, तर सतरा इंची एक मॉनिटर बनावटीनुसार ६ ते ८ यू घेतो. कागदावर रॅकचे चित्र काढून प्रत्येक यंत्राला यू क्रमांक दिल्याखेरीज स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

कोणता मॉनिटर कोठे बसवावा, हे शोभेवरून न ठरवता पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरवावे. एचडी चित्रातला बारीक तपशील डोळ्यांना दिसायचा असेल तर चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसावे लागते. सतरा इंची पडद्याच्या चित्राची उंची सुमारे २१ सेंटिमीटर असते, म्हणजे अंतर येते ६४ सेंटिमीटरच्या आसपास, आणि टेबलापलीकडे बसलेला माणूस तेवढ्यावर असू शकतो. सात इंची पडद्याला हाच हिशेब लावला तर अंतर २६ सेंटिमीटर येते, आणि तेवढ्या जवळ तोंड नेऊन कोणीही काम करत नाही. याचा सरळ अर्थ असा की सात इंची पडद्यावर सिग्नल आला की नाही, कॅमेरा कोणता आणि फ्रेममध्ये कोण, एवढेच पाहावे; फोकस तपासण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अंदाजे ११५ ते १२० सेंटिमीटरवर असतात. प्रोग्राम (सध्या प्रसारित होणारे चित्र) आणि प्रिव्ह्यू (पुढे येणारे चित्र) यांचे मोठे मॉनिटर त्या पातळीला घ्यावेत, कॅमेऱ्यांचे लहान पडदे त्यांच्या वर घ्यावेत आणि वरच्या पडद्यांना किंचित पुढे झुकवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

केज नट, म्हणजे रॅकच्या भोकात अडकणारे नट, बसवताना घाई करू नये. रॅकच्या उभ्या पट्टीत प्रत्येक यूमध्ये तीन भोके असतात आणि त्यांच्यातील अंतर सारखे नसते; १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर असा त्यांचा क्रम असतो, आणि दोन यूंची सीमा त्या जवळजवळच्या दोन भोकांच्या मधून जाते. हे ध्यानात न ठेवता नट एक भोक वर-खाली लागला की मॉनिटरच्या कानाचे, म्हणजे बाजूच्या स्क्रूपट्टीचे, भोक जुळत नाही, आणि मग लोक भोक कानशीने मोठे करत बसतात. नटाचे एक पाते आधी भोकात अडकवून दुसरे पाते हुकाने ओढून आत घ्यावे. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ढकलले तर तो निसटून थेट तळहातात शिरतो. सतरा इंची मॉनिटर दोघांनी उचलावा, एकाने खालून तोलून धरावा आणि दुसऱ्याने आधी खालचे दोन स्क्रू अर्धवट, मग वरचे दोन अर्धवट लावून शेवटी चारही आळीपाळीने आवळावेत. मागच्या बाजूला वजन जास्त असेल तर केवळ पुढच्या कानांवर भिस्त न ठेवता खाली आधारपट्टी द्यावी. अनेक लहान मॉनिटर सुट्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. ते केबलला लोंबकळत ठेवू नयेत, जाळीदार ट्रेवर वेल्क्रोने बांधून टाकावेत.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे, कारण यंत्राने खाल्लेली जवळजवळ सर्व वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. ३० वॅटचे दहा मॉनिटर म्हणजे ३०० वॅट. एसीसाठी हा भार मोठा नसला तरी रॅकच्या आत हवा कोंडली की पुरेसा ठरतो. दर काही यूनंतर जाळीचे पॅनेल सोडावे. ज्यांच्या जवळपास साखर कारखाना आहे त्यांनी पंख्यांना फिल्टर लावावाच, कारण गळीत हंगामात हवेतून येणारी काजळी सर्किटवर थर धरून बसते.

केबल आणि सिग्नल

एसडीआय (स्टुडिओत वापरला जाणारा डिजिटल व्हिडिओ) सिग्नलसाठी केबल आणि बीएनसी दोन्ही ७५ ओहमचेच हवेत. एचडीचा सिग्नल सेकंदाला १.४८५ गिगाबिट आणि त्याचा दुप्पट वेगाचा थ्रीजी प्रकार २.९७ गिगाबिट वेगाने धावतो. सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी स्वस्त केबल दिसायला तशीच असली तरी तिची जाळी विरळ असते आणि या वेगाला ती भरवशाची नसते. केबल सोलताना मधली तार खरवडली जाऊ नये, जाळीचा एकही धागा तारेला चिकटू नये आणि क्रिम्प केल्यावर (कनेक्टर दाबून घट्ट केल्यावर) मधली पिन कनेक्टरच्या तोंडाशी योग्य पातळीत आलेली दिसावी. मी प्रत्येक बीएनसी क्रिम्प केल्यावर हलकेच ओढून पाहतो, कारण प्रसारण चालू असताना रॅकच्या मागे वाकून सैल पिन शोधण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते. केबलला तिच्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान वळण देऊ नये आणि प्लॅस्टिकच्या टायने तिची कंबर आवळू नये. क्रमांक दोन्ही टोकांना लावावा.

डिजिटल सिग्नल हळूहळू खराब होत नाही. केबल लांब होत जाते तोवर चित्र निर्दोष असते, मग एकाएकी ठिपके चमकू लागतात आणि आणखी दोन-चार मीटरवर पडदा काळा होतो. म्हणजे ‘चित्र दिसते आहे’ याचा अर्थ आपण कड्यापासून दूर आहोत असा होत नाही. हे अंतर जाणण्याचा भरवशाचा उपाय असा की मॉनिटरच्या आधी मुद्दाम २० मीटर जादा केबल जोडावी. त्यावरही चित्र अभंग राहिले तर जोडणीत पुरेसा वाव आहे असे समजावे.

लूप-थ्रू, म्हणजे एका मॉनिटरमधून पुढच्याला सिग्नल देणे, याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. बहुतेक एसडीआय मॉनिटरांत आत आलेला सिग्नल पुन्हा ताजा करून बाहेर दिला जातो, त्यामुळे त्या मॉनिटरची वीज गेली की पुढचे सारे पडदे अंधारतात. कॅमेऱ्यांच्या लहान पडद्यांपुरते लूप चालेल, परंतु प्रोग्राम मॉनिटरला सिग्नल व्हिडिओ राउटर (सिग्नल हवा तिकडे वळवणारे यंत्र) किंवा वितरण अ‍ॅम्प्लिफायरमधून स्वतंत्रच द्यावा. जुना अ‍ॅनालॉग सिग्नल अजून वापरात असेल तर साखळीतल्या शेवटच्या मॉनिटरवर ७५ ओहमचे टर्मिनेशन (सिग्नल शोषून घेणारा शेवटचा रोध) द्यावे. ते राहिले तर चित्र भगभगीत दिसते, दोनदा पडले तर काळवंडते.

रंग आणि प्रकाश जुळवणे

या टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो, असा माझा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मतमोजणीच्या दिवशी एका प्रसारण केंद्रात घरगुती टीव्हीच प्रोग्राम मॉनिटर म्हणून टांगलेला होता आणि त्यात चित्र आपोआप भडक करणारा मोड चालू राहिला होता. निवेदिकेचा चेहरा फार उजळ दिसतो म्हणून सकाळपासून आयरिस थोडा थोडा बंद केला गेला, आणि दुपारी प्रेक्षकांचे फोन येऊ लागले की चेहरे काळपट दिसत आहेत. कॅमेरे ठीक होते, दिवे ठीक होते, माणसेही कुशल होती. तेव्हापासून मॉनिटरचा मेनू उघडल्यावर मी सर्वप्रथम डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप ब्राइटनेस, शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन ही चारही कलमे बंद करतो.

मॉनिटर किमान अर्धा तास चालू राहू द्यावा. खोलीतील प्रकाश काम करतानाचा असावा, मंद आणि पडद्यावर न पडणारा. खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल तर जुळणी करून काही उपयोग नाही. मेनूमध्ये एचडीसाठी रेक. ७०९ ही रंगकक्षा, २.४ गॅमा (मधल्या छटांचा उजेड ठरवणारा आकडा) आणि डी६५ हा प्रमाणित पांढरा निवडावा, आणि प्रोबने (पडद्याचा रंग व प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून पांढऱ्याची तेजस्विता चौरस मीटरला १०० कॅंडेला इतकी ठेवावी. प्रोब परवडत नसेल तर काही दिवसांसाठी भाड्याने आणून सर्व पडदे एकाच वेळी जुळवून घ्यावेत, कारण डोळ्यांनी पांढरा जुळवणे अशक्यप्राय आहे. डोळा काही मिनिटांतच समोरच्या पांढऱ्याला खरा मानू लागतो. सिग्नलची रेंज लिमिटेड आहे, म्हणजे ८ बिटमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, हेही तपासावे. मॉनिटर फुल रेंजवर राहिला तर काळा राखाडी दिसतो.

त्यानंतर कलर बार, म्हणजे जुळणीसाठीचे रंगीत पट्ट्यांचे चित्र, लावावेत. एचडीच्या बारमध्ये खाली काळ्याच्या शेजारी अगदी बारीक फरकाच्या पट्ट्या असतात: एक काळ्याहून दोन टक्के खाली, एक दोन टक्के वर आणि एक चार टक्के वर. ब्राइटनेस असा ठेवावा की चार टक्क्यांची पट्टी स्पष्ट दिसेल, दोन टक्क्यांची जेमतेम ओळखू येईल आणि काळ्याखालची काळ्यातच विरून जाईल. मग फक्त निळा दाखवणारे बटण दाबावे. पांढरा, निळसर, जांभळा आणि निळा हे चार पट्टे सारख्याच तेजाचे दिसले पाहिजेत, कारण चौघांतही निळ्याचा अंश तेवढाच आहे. डिजिटल सिग्नलवर ते तसे दिसत नसतील तर क्रोमा (रंगाची गडदता) किंवा फेज (रंगछटा) फिरवून जुळवण्याचा मोह आवरावा. ही बटणे मूळ जागी आणावीत आणि दोष मेनूत अन्यत्र शोधावा.

ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापून ते मोठे दाखवणे) बंद ठेवावा. मराठी वाहिनीसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार असतात; टिकर (खालची धावती बातमीपट्टी) कडेला फार टेकला की प्रेक्षकाच्या टीव्हीवर ‘पूर’चा ऊकार कापला जातो आणि ‘पर’ उरते. मॉनिटरवर ९० टक्क्यांची टायटल सेफ चौकट (अक्षरे कापली न जाण्याची मर्यादा) चालू करून टिकर तिच्या आत बसतो का, हे डोळ्यांनी पाहावे.

टॅलीची (कोणता कॅमेरा प्रसारणात आहे ते दाखवणाऱ्या दिव्याची) तारजोडणी करताना एवढे पाहावे की आरजे-४५ सारखी खाच असली म्हणून ती नेटवर्कची असतेच असे नाही. बऱ्याच मॉनिटरांत तिच्यातून टॅलीचे संपर्क किंवा आरएस-४२२ हा नियंत्रण सिग्नल जातो. मॅन्युअलमधला पिनचा तक्ता वाचूनच केबल लावावी. लाल म्हणजे प्रसारणात, हिरवा म्हणजे प्रिव्ह्यूवर, हा संकेत मोडू नये. स्विचरचे (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्राचे) एकेक बटण दाबून नेमका तोच पडदा लाल होतो का, हे दोघांनी मिळून तपासावे, एकाने स्विचरवर आणि दुसऱ्याने रॅकसमोर. मॉनिटरमध्ये १०८०आय५० चित्राचे इंटरलेसिंग (एकाआड एक ओळींत येणारे चित्र) सोडवताना एखाद्या फ्रेमचा उशीर होतो, आणि २५ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ओठ आणि आवाज यांचा मेळ या पडद्यावरून ठरवण्याआधी टाळी वाजवून तो उशीर मोजून ठेवावा.

सर्व जुळल्यावर मेनूला कुलूप लावावे. प्रत्येक मॉनिटरचा क्रमांक, यू जागा, केबल क्रमांक, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचे आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून तो रॅकच्या दाराला आतून चिकटवावा. त्यानंतर संपूर्ण रॅक २४ तास अखंड चालवावा, मध्ये एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून यूपीएसवर पडदे न लुकलुकता राहतात का ते पाहावे, आणि वीज परत आल्यावर प्रत्येक मॉनिटर आपल्याच इनपुटवर उघडतो का, याची खात्री करावी. काही मॉनिटर चालू होताना पहिल्या इनपुटवर जाऊन बसतात. पुढील तपासणी मे महिन्यात अर्थिंगची आणि गळीत हंगाम संपल्यावर फिल्टरची, असे दोन दिवस त्याच कागदावर खाली लिहून ठेवावेत.