मेडिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? सही करायच्या आधी एवढं बघा

ट्रायल, म्हणजे नवीन औषधाची माणसांवर होणारी चाचणी, शोधायला 'घरबसल्या कमवा' छाप फॉरवर्डच्या मागे लागू नका. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही ट्रायलच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन सरकारी साईट 2000 पासून आहे, आजाराचं नाव टाका आणि पुढे 'रिक्रूटिंग' (म्हणजे अजून लोक घेतायत) लिहिलंय का बघा. पण तिथे नोंद असली म्हणजे कोणी सेफ म्हणून शिक्का मारलाय असं नाही हं, एथिक्स कमिटीची (भाग घेणाऱ्यांची सुरक्षा आणि हक्क बघणारी समिती) मंजुरी आहे का ते वेगळं विचारायचं.

मग फेज, म्हणजे चाचणीचा टप्पा, बघा. फेज 1 मध्ये औषध बहुतेक वेळा माणसाला पहिल्यांदाच देतात, थोडेच लोक असतात आणि बरेचदा धडधाकट. फेज 3 मध्ये शेकडो-हजारो लोक, आणि कोणाला नवीन औषध, कोणाला जुनं किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) हे कॉम्प्युटर ठरवतो, डबल ब्लाइंड असेल तर डॉक्टरलाही पत्ता नसतो. त्यामुळे नवीन औषध मिळणारच या आशेवर जाणार असाल तर आधी नीट विचार करा.

खरा वेळ कन्सेंट फॉर्मला, म्हणजे संमतीपत्राला, द्या. घरी न्या, निवांत वाचा, 'लगेच सही करा' म्हणाले तर सरळ उठून या. औषधाने काही झालं तर खर्च कोणाचा? रात्री 2 वाजता त्रास झाला तर फोन कोणाला? रक्ताचे नमुने नंतर कशाला वापरणार? आणि फेज 1 असेल तर हे विचाराच, की पहिल्या माणसाला डोस दिल्यावर दुसऱ्याला देईपर्यंत किती थांबता. 2006 मध्ये लंडनला टीजीएन 1412 नावाच्या नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये 6 निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने औषध दिलं आणि सहाही जण आयसीयूत गेले, पहिल्यावर थोडं लक्ष ठेवून थांबले असते तर बाकीच्यांवर ही वेळ आली नसती.

स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीत, सिगारेट, चालू गोळ्या, सप्लिमेंट काही लपवू नका. एका वेळी दोन ट्रायल तर नकोच, पैशासाठी करतात लोक, पण दोन औषधं शरीरात एकत्र काय गोंधळ घालतील ते कोणालाच माहीत नसतं.

मधेच सोडायचं तर कधीही सोडता येतं, कारण द्यायची गरज नाही. फक्त गुपचूप गायब होऊ नका, काही औषधं एकदम बंद केली की त्रास होतो. कन्सेंटची कॉपी आणि ट्रायलचं कार्ड जवळ ठेवा, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दात काढायला, तरी आधी ते दाखवा.