बेंगळुरूत पहिली सेकंडहँड स्कूटर घेताय? आधी कागद बघा, गाडी नंतर

सांगली, सोलापूर, नाहीतर पार अकोल्याकडून पोरं-पोरी इथे नोकरीला येतात, पहिला महिना ऑटोवाल्यांशी भांडण्यात जातो आणि दुसरा पगार झाला की स्कूटर शोधायला लागतात, हे मी इतकी वर्षं बघतेय. मग रात्री अकराला मेसेज येतो, ताई अमुक गाडी चाळीस हजारात मिळतेय घेऊ का, सोबत चार फोटो आणि चारही एकाच बाजूने काढलेले. फोटोवरून मी काय सांगणार? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की गावाकडची गाडी आणली तर? घरी बाबांची अ‍ॅक्टिव्हा पडून आहे, रेल्वेने पार्सल टाकतो, झालं. तर बघा, बाहेरच्या राज्यातली गाडी कायद्याने बारा महिने चालते, त्यानंतर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आधी गावच्या आरटीओची एनओसी, मग कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स (गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, पण भरायचा असतोच), आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायला वेगळा अर्ज आणि वेगळ्या चकरा. शिवाय एमएच पाटी दिसली की सिग्नलला बाजूला घेतात आणि तुम्ही इथे कधी आलात याचा पुरावा तुम्हीच द्यायचा. जुन्या स्कूटरसाठी एवढा उपद्व्याप मला तरी परवडणारा वाटत नाही. गंमत म्हणजे बेळगावकडच्या आपल्या मराठी मंडळींना यातलं काहीच नाही, केए २२ ची गाडी सरळ आणा, टॅक्स इथलाच भरलेला असतो, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. कोल्हापूरवाल्याने मात्र केए पाटीचीच गाडी इथे शोधावी. मग ती केए ०३ इंदिरानगरची असो, केए ०५ जयनगरची, केए ५१ इलेक्ट्रॉनिक सिटीची की केए ५३ केआर पुरमची, काही फरक पडत नाही.

आणि हो, घर आणि ऑफिस दोन्ही मेट्रोच्या लाइनवर असेल तर थोडं थांबा. पर्पल लाइन २०२३ पासून व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाली, यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रापर्यंत सुरू झाली, बऱ्याच जणांना गाडी फक्त स्टेशनपर्यंत लागते आणि तेवढ्यासाठी पन्नास हजार घालायची गरज नसते. पण मराठहळ्ळी, बेलंदूर, सर्जापूर रोड या पट्ट्यात राहणार असाल तर स्कूटरशिवाय हाल आहेत हे मान्य.

आता गाडी कुठली. पोरांना एनटॉर्क नाहीतर डिओ हवी असते. वाईट गाड्या नाहीत त्या, पण सेकंडहँडमध्ये येतात त्या बहुतेक कॉलेजच्या पोरांनी पिळून काढलेल्या. व्हेस्पा, एप्रिलिया दिसायला झकास, पण पार्ट महाग आणि गल्लीतला मेकॅनिक हात लावायला तयार होत नाही. पहिली गाडी कंटाळवाणी घ्यावी असं माझं ठाम मत आहे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर नाहीतर अ‍ॅक्सेस, कारण या तिन्हींचा कुठलाही पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो आणि उद्या विकायची वेळ आली तर आठवड्यात गिऱ्हाईक येतं. एकट्याने ऑफिसला जायचं तर ११० सीसी पुष्कळ. रोज मागे कोणी बसणार असेल आणि फ्लायओव्हर चढायचे असतील तर अ‍ॅक्सेस १२५ बघा, चढाला दम लागत नाही. उंची कमी असेल नाहीतर पहिल्यांदाच चालवत असाल तर स्कूटी पेप प्लस, एकदम हलकी, पडली तरी एकटीला उचलता येते.

सालाचं म्हणाल तर एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, म्हणजे धुराचे नवे, कडक नियम. त्याच्या आधीच्या कार्बोरेटरच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि दुरुस्तीही स्वस्त, पण डिसेंबरात सकाळी किका मारत बसायची तयारी ठेवा. बीएस ६ ला फ्युएल इंजेक्शन, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू, पण सेन्सर गेला तर खर्च अंगावर येतो. बजेट तीस-पस्तीस असेल तर २०१८-१९ ची एका हातची गाडी, पन्नासच्या आसपास असेल तर २०२० नंतरची, इतकं साधं गणित ठेवा. आणि हातात पन्नास असतील तर गाडी चाळीसचीच बघायची, बाकीचे दहा ट्रान्सफर, विमा, टायर, सर्व्हिस आणि दोन हेल्मेटमध्ये जातात म्हणजे जातातच. दोन का, तर इथे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि चौकाचौकात कॅमेरे आहेत, पोलीस दिसला नाही म्हणून सुटलो असं होत नाही.

इलेक्ट्रिकचं सगळे विचारतात. पीजीत राहत असाल तर मालकिणीला आधी विचारा की खाली चार्जिंगला प्लग देणार का, तिथेच निम्म्यांचा विषय संपतो. प्लग असेल तर बॅटरीची वॉरंटी किती उरली ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी घेऊन मगच पुढे जा.

विकणारे साधारण तीन प्रकारचे. एक, डीलर, जो पाच-सात हजार जास्त घेतो आणि पॉलिश मारून ठेवतो. दोन, शहर सोडून जाणारा आयटीवाला, त्याची भुवनेश्वरला नाहीतर कोचीला बदली झालेली असते, महिनाअखेरीला फ्लॅट सोडायचा असतो, आणि तुम्हाला हाच माणूस पाहिजे, कारण त्याला घाई असते आणि त्याने गाडी ऑफिसशिवाय कुठे नेलेली नसते. तीन, चोर. अठरा हजारात २०२१ ची अ‍ॅक्टिव्हा, फोटोत वर्दीतलं आयकार्ड, आर्मीत आहे पोस्टिंग झालं, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये आहे, डिलिव्हरीचे तीन हजार आधी पाठवा. ही फसवणूक जुनी झाली तरी दर महिन्याला नवीन कोणीतरी सापडतंच. गाडी प्रत्यक्ष समोर बघितल्याशिवाय रुपया द्यायचा नाही, टोकनसुद्धा.

आता कागद, आणि इथे मी तुम्हाला जरा बोअर करणार. गाडी बघायला जायच्या आधीच नंबर मागून घ्या आणि परिवहनच्या अ‍ॅपवर टाका. मालकाचं नाव अर्धवट फुल्या मारून दिसतं पण अंदाज येतो, कितवा मालक ते कळतं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते कळतं, आणि बँकेचा बोजा आहे का तेही. बोजा दिसला तर लोन फिटलंय हो मॅडम असं तोंडी ऐकून घेऊ नका, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. नंबर द्यायला जो खळखळ करतो त्याच्याकडे जाऊच नका.

मग पोलिसांच्या साइटवर त्याच नंबराचे दंड बघा. हे लोक विसरतात. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, एकेक पाचशेचा दंड साठत जातो आणि मालकाला पत्ताही नसतो; गाडीच्या किमतीपेक्षा दंड जास्त झालेल्या स्कूटरच्या बातम्या इथे येऊन गेल्यात. सरकार मधूनच पन्नास टक्के सवलत काढतं, पहिल्यांदा फेब्रुवारी २०२३ मध्ये काढली होती, म्हणून कित्येक जण पुढच्या सवलतीची वाट बघत भरतच नाहीत. सगळा दंड विकणाऱ्याने व्यवहाराच्या आधी तुमच्यासमोर भरायचा, नाहीतर तेवढे पैसे किमतीतून वजा.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ओपन पेपर. म्हणजे कसं, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) एकाच्या नावावर, त्याने मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून डीलरला दिलेल्या, डीलरने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने दोन वर्षं चालवून तुमच्यासमोर आणली, आणि मूळ मालक आता पुण्यात नाहीतर कॅनडात. दुसरा म्हणतो सह्या आहेत ना, करून घ्या तुम्ही नावावर. पण ऑनलाइन अर्ज करताना मूळ मालकाच्या आधारवरचा ओटीपी लागला की सगळं तिथेच अडतं. ज्याच्या नावावर आरसी तोच माणूस समोर पाहिजे, हा नियम मोडू नका, गाडी कितीही गोड दिसली तरी. उलट विकणाऱ्यालाही समजावून सांगा की नाव बदललं नाही तर नुकसान त्याचंच आहे, कारण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगून टाकलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार. हे ऐकलं की आळशी माणूससुद्धा आरटीओत यायला तयार होतो. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायचं, पण तुम्ही त्याच आठवड्यात अर्ज टाका, कारण महिनाअखेरीला तो विमानात असणार.

पीजीवाल्यांची पंचाईत पत्त्यावरून होते. आधार सांगलीचं, गाडी बेंगळुरूची. त्यामुळे गाडी शोधायला लागण्याआधीच भाडेकरार जोडून आधारचा पत्ता बदलायला टाका, ऑनलाइन होतं.

विमा आहे म्हणाला तर कुठला ते विचारा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो, म्हणजे २०२० ची गाडी असेल तर तो २०२५ मध्ये संपला, आणि गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याच जणांनी पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नसतो. थर्ड पार्टीचा मूळ हप्ता ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आहे, वर टॅक्स. तेवढ्यासाठी विनाविम्याची गाडी चालवून दंड भरणारे लोक बघितले की मला नवल वाटतं.

कागद जमले की मग गाडी. सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा, गरम लागला तर साहेबांनी आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे काहीतरी लपवायचंय. माझ्या मावसभावासाठी एचएसआरला एक गाडी बघायला गेलो होतो, सोबत आमचा नेहमीचा मेकॅनिक. गाडी बाहेरून चकाचक, नवीन सीट कव्हर, मालक चेन्नागिदे चेन्नागिदे (छान आहे, छान आहे) म्हणतोय. मेकॅनिकने सेंटर स्टँडला लावली, सुरू केली, रेस दिली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. अर्ध्या मिनिटात फडक्यावर तेलाचे काळे थेंब, धुराला निळसर रंग. रिंग गेलेली, इंजिन ऑइल खातंय. मग सीट उघडून डिकीच्या बिजागऱ्या बघितल्या, गंज, आणि फ्लोअर मॅट उचलली तर खाली वाळलेला बारीक गाळ. पाण्यात बुडालेली गाडी. सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर, येमलूरकडे पाणी भरलं तेव्हा बेसमेंटमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि त्यानंतरही दर पावसात कुठे ना कुठे बुडतातच, त्या सगळ्या काही भंगारात जात नाहीत. तेव्हा मॅट उचला, हेडलाइटच्या आत ओल दिसते का बघा, एअर फिल्टर उघडायला लावा.

ट्रायल घेताना मागे मित्राला बसवून चढावर न्या. रेस दिली आणि गाडी आधी नुसती आवाज करून मग निघाली तर बेल्ट नाहीतर रोलर गेलेत, सुटताना थरथरली तर क्लच. हे दुरुस्त होतं, घाबरायचं नाही, फक्त तेवढे पैसे कमी करून घ्यायचे. हँडल सोडून बघायला सांगणारे असतात, रस्त्यावर तसलं काही करू नका, स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्ये खट्टकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग गेलीय. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटरच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही, आठ हजार चाललीय म्हणतात आणि ब्रेकची लिव्हर घासून गुळगुळीत. ती लिव्हर आणि फूटबोर्डचं रबर बघा, ते खोटं बोलत नाही. मेकॅनिकला सोबत न्यायचे तीन-चारशे द्या आणि तो गल्लीतलाच, तुमच्या ओळखीचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

भावाचं बोलताना एक मुद्दा हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन गाडी स्वस्त झाली, मग जुनी जुन्याच भावाने कशी? आयटीवाल्याला हे इंग्रजीत सांगा, डीलरला स्वल्प कम्मी माडी अण्णा (जरा कमी करा दादा) म्हणा. कन्नड मोडकंतोडकं असलं तरी चालतं, माणूस लगेच मवाळ होतो, हिंदीत घासाघीस केली की तेवढाच ताठ होतो.

पैसे बँकेतूनच द्या. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहा, सकाळी ११.४० असं, दोघांच्या सह्या, म्हणजे त्या दिवशी दहा वाजता त्याने तोडलेला सिग्नल तुमच्या गळ्यात येणार नाही. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलीय का बघून घ्या. आणि पहिल्याच रविवारी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर बदलून टाका, ब्रेक खोलून साफ करा, आधीच्याने सर्व्हिस केलीय म्हटलं असलं तरी.